व्हॅलेंटाइन दिन आणि करमळीची बदके

पणजी, म्हापसा, मडगावच्या बाजारांत १४ फेब्रुवारीला जी लाल गुलाबांची गर्दी होते, तिचा उगम बहुतेक वेळा रोममध्ये शोधला जातो. तिथे फेब्रुवारीच्या मध्याला लुपरकेलिया हा उत्सव होत असे. त्यात तरुण बोकडाच्या कातड्याचे पट्टे घेऊन धावत आणि त्यांचा फटका बसलेल्या स्त्रीला संतती होते, असा समज होता. मात्र त्या उत्सवात मुलींच्या नावांच्या चिठ्ठ्या काढून जोड्या लावत, ही लोकप्रिय गोष्ट कोणत्याही प्राचीन ग्रंथात सापडत नाही. व्हॅलेंटाइन नावाच्या संतांविषयीही विश्वसनीय माहिती इतकी तोकडी आहे, की कॅथोलिक चर्चने १९६९ साली हा सण आपल्या सार्वत्रिक दिनदर्शिकेतून वगळला.

या दिवसाला प्रेमाशी जोडणारा सर्वांत जुना ठळक पुरावा चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धातला असून तो इंग्रज कवी जेफ्री चॉसर याच्या पक्ष्यांच्या सभेवरील काव्यात मिळतो. संत व्हॅलेंटाइनच्या दिवशी सगळे पक्षी आपापला जोडीदार निवडायला जमतात, अशी त्याची कल्पना आहे. चॉसरच्या मनात मे महिन्यातला दुसरा कुणी व्हॅलेंटाइन असावा, असेही काही अभ्यासक मानतात. परंतु तारीख फेब्रुवारीचीच धरली, तरी त्या काळी चालणाऱ्या ज्युलियन कालगणनेतला तो दिवस आजच्या हिशेबाने २२ फेब्रुवारीच्या सुमारास येतो, हे ध्यानात घ्यायला हवे. पुढे १४७७ साली नॉरफोकमधल्या मार्जरी ब्रूज हिने आपल्या वाग्दत्त वराला पत्रात 'व्हॅलेंटाइन' म्हणून संबोधले आणि १८४० साली ब्रिटनमध्ये एका पेनीत टपाल जाऊ लागल्यावर शुभेच्छापत्रे घरोघरी पोहोचली.

माझ्या मते या साऱ्या इतिहासात सर्वांत मोलाचे आहे ते पक्ष्यांविषयीचे निरीक्षण, कारण ते आपल्याला तपासून पाहता येते. लंडनमध्ये डिसेंबरअखेरचा दिवस आठ तासांहून थोडा कमी असतो, तो २२ फेब्रुवारीपर्यंत दहा तासांच्या पुढे जातो. पक्ष्यांच्या कवटीतून आत झिरपणारा प्रकाश मेंदूच्या खोल भागातील प्रकाशसंवेदी पेशी टिपतात. दिवस पुरेसा लांबला की तिथे थायरॉइड संप्रेरकाचे सक्रिय रूप तयार होते, त्यामुळे पीयूषिका (पिट्युटरी) ग्रंथीकडून प्रजननाची संप्रेरके रक्तात सोडली जातात आणि हिवाळ्यात आक्रसलेले वृषण काही जातींत शंभर पटींहूनही अधिक वाढतात. नर गाऊ लागतात ते याच सुमारास.

गोव्यात ही मात्रा तशीच लागू पडत नाही. इथला सर्वांत लहान दिवस सुमारे सव्वाअकरा तासांचा असतो आणि १४ फेब्रुवारीपर्यंत त्यात जेमतेम अर्ध्या तासाची भर पडते. आपल्या अनेक स्थानिक पक्ष्यांचे वेळापत्रक प्रकाशापेक्षा पावसाशी अधिक बांधलेले असते. सुगरण आपला खोपा विणते ती पावसाळ्यात, कारण विणायला लांब हिरवी पाती आणि पिल्लांना भरवायला कीटक तेव्हाच मुबलक असतात.

तरीही चॉसरचे म्हणणे गोव्यातच खरे ठरताना पाहायचे असेल, तर हिवाळा संपण्यापूर्वी करमळीच्या तळ्यावर जावे. उत्तर आशियातून येणारी तलवार बदके जोडी जमवतात ती विणीच्या प्रदेशात नव्हे, तर हिवाळी मुक्कामी. तपकिरी डोक्याचे, गळ्यावर पांढरी रेघ असलेले अनेक नर एकाच मादीभोवती पोहत मान ताठ करतात, टोकदार शेपूट उंचावतात आणि निवड मादी करते. जोडी एका हंगामापुरती टिकते, पण तिचा परिणाम दूरवर होतो: मादी सहसा आपल्या जन्मस्थानाच्या परिसरात परतते आणि नर तिच्यामागे जातो, त्यामुळे तो स्वतः कुठेही जन्मलेला असला, तरी त्याची पिल्ले कुठे वाढणार हे इथल्या पाण्यावर झालेल्या निवडीने ठरते.