अंगावर पाजलं तरी गाठीकडे दुर्लक्ष नका करू

"दोन्ही लेकरांना दोन-दोन वर्षं अंगावर पाजलं, मला काऊन होईल ब्रेस्ट कॅन्सर?" असं आमच्या महाल भागातल्या कितीतरी काकू, मावश्या अगदी खात्रीनं सांगतात, ऐकून जीव घाबरतो माझा. पाजल्याने धोका कमी होतो हे खरंय, पण संपत नाही जी. २००२ मध्ये ३० देशांतल्या ४७ अभ्यासांचा डेटा एकत्र करून पाहिला तेव्हा दर १२ महिने पाजण्यामागे धोका साधारण ४.३ टक्क्यांनी कमी दिसला, म्हणजे चार वर्षं पाजलं तरी बराचसा उरतोच ना. आणि पाजताना गाठ लागली तर ती बहुतेकदा दुधाचीच असते, पण आठवडा-दोन आठवड्यांत गेली नाही तर सोनोग्राफी करून घ्या, त्यासाठी दूध तोडावं लागत नाही. दुखत नाही म्हणून तर अजिबात थांबू नका, कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेकदा दुखतच नाही.