राधानगरी–चांदोली भ्रमणमार्ग

कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिम कडेने, सह्याद्रीच्या माथ्यावरून दक्षिणोत्तर गेलेला जंगलाचा अरुंद पट्टा. दक्षिणेला राधानगरी अभयारण्य, उत्तरेला चांदोली राष्ट्रीय उद्यान आणि मध्ये गगनबावडा, पन्हाळा, शाहूवाडी तालुक्यांतली राने, सडे (कातळाची पठारे), धनगरवाडे, गावे. वन्यप्राणी यातून एका संरक्षित वनातून दुसऱ्यात ये-जा करतात, म्हणून हा भ्रमणमार्ग. राधानगरीच्या दक्षिणेलाही ही साखळी भुदरगड, आजरा, चंदगडवरून तिलारीकडे आणि पुढे कर्नाटकातील काळी व्याघ्र प्रकल्पाकडे जाते. नकाशावर ती सलग हिरवी दिसते. जागेवर गेले की कुठे कुठे एका डोंगरसोंडेएवढीच उरलेली आढळते.

हा मार्ग चालता आहे, याचा ठोस पुरावा एका वाघाने दिला. डिसेंबर २०२३ मध्ये चांदोलीच्या जंगलात स्वयंचलित कॅमेऱ्यात एक नर वाघ टिपला गेला. त्याचे पट्टे जुन्या छायाचित्रांशी ताडून पाहिल्यावर तोच वाघ एप्रिल २०२२ मध्ये राधानगरीत दिसला होता हे कळले. अंतर सुमारे १०० किलोमीटर. वाघाचे पट्टे माणसाच्या बोटांच्या ठशांसारखे असतात, दोन वाघांचे कधी जुळत नाहीत. शिवाय डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टेही वेगळे असतात. त्यामुळे पायवाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे बांधावे लागतात. या कामाला महिनोन्‌महिने लागतात आणि बहुतेक छायाचित्रांत गवा, भेकर, सांबर नाहीतर गावची गुरेच येतात. पण ती छायाचित्रेही मोलाची आहेत, कारण कुठल्या खिंडीतून कोण जाते हे त्यांवरूनच समजते.

एका नराने वाट काढली म्हणजे प्रश्न सुटला असे मात्र नाही. वयात आलेले नर दूर भटकतात, माद्या सहसा आईच्या क्षेत्राजवळच जागा धरतात. वाघीण आपल्या पायांनी उत्तरेला सरकायची तर मधल्या जंगलात तिला नुसती वाट पुरत नाही. पिल्ले वाढवण्याइतका आडोसा आणि शिकार लागते.

संरक्षणाची सुरुवात इथे जुनी आहे. कोल्हापूर संस्थानच्या काळात दाजीपूरचे जंगल शिकारीसाठी राखलेले होते. १९५८ मध्ये ते गव्यांसाठी अभयारण्य झाले. १९८५ मध्ये विस्तार होऊन राधानगरी अभयारण्य हे नाव आले आणि क्षेत्र ३५१.१६ चौरस किलोमीटर झाले. चांदोली राष्ट्रीय उद्यान आणि कोयना अभयारण्य मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत राधानगरी आणि चांदोली दोन्ही आहेत. दोन टोके अशी जपली गेली, मधला पट्टा मात्र बराच काळ कोणाच्याच यादीत नव्हता.

त्याला जागा मिळाली ती संवर्धन राखीव क्षेत्रांमुळे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मध्ये २००२ च्या दुरुस्तीने कलम ३६-अ आले. दोन संरक्षित वनांना जोडणारी सरकारी जमीन स्थानिक लोकांशी चर्चा करून राखीव घोषित करता येते आणि तिच्या व्यवस्थापन समितीत ग्रामपंचायतीचे प्रतिनिधी असतात. विशाळगड, पन्हाळगड, गगनबावडा, आजरा–भुदरगड, चंदगड अशी क्षेत्रे त्यानुसार पुढे आली. अभयारण्याइतके कडक निर्बंध इथे नसतात. सरपण, चराई, हिरडा-शिकेकाई गोळा करणे यांवर जगणाऱ्या वाड्या-वस्त्यांना म्हणूनच हा तोडगा मानवण्यासारखा आहे.

खरी अडचण मालकीच्या रानाची. कोल्हापूरच्या घाटमाथ्यावर सातबाऱ्यावरची जंगले खूप आहेत आणि कलम ३६-अ त्यांना लागू होत नाही. मालक रीतसर परवानगी काढून झाडे तोडतो, ट्रक भरतात, त्या जागी काजू किंवा ऊस येतो. मालकाला दोष देऊन भागणार नाही, मुलीचे लग्न आणि मुलाचे शिक्षण त्याच झाडांवर होते. खासगी जमिनीसाठी कायद्यात समुदाय राखीव क्षेत्राची सोय आहे, पण तिला मालकाची राजीखुशी लागते आणि उभे झाड राखण्याचा मोबदला आज त्याच्या हाती येत नाही. मार्गाची सर्वांत अरुंद ठिकाणे अशा रानांत पडत असतील, तर धोरणाने पहिला पैसा तिथे घातला पाहिजे.

जंगलाला लागून ऊस आल्यावर गवाही उसात आला. दाट पाला, पाटाचे पाणी, माणसाची चाहूल कमी. त्याला ते रानच वाटते. मग रात्रीची राखण, वनखात्याकडे अर्ज, पंचनामा, भरपाईची वाट. आंबा, करूळ, फोंडा या घाटांकडे जाणारे रस्तेही हाच पट्टा आडवा कापतात. रस्ता रुंद झाला की वाहनांचा वेग वाढतो आणि रात्री ओलांडणारे सांबर, खवल्या मांजर चाकाखाली येते.

मार्गातले सडे बाहेरच्या माणसाला उजाड वाटतात. जांभ्या दगडाच्या या पठारांवर पावसाळ्यात पाणथळ जागी गेंद, सीतेची आसवे, दवबिंदू फुलतात. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञांनी जिल्ह्याची वनस्पतिसंपदा वर्षानुवर्षे नोंदवली आहे. कंदिलाच्या आकाराची फुले येणाऱ्या दुर्मीळ कंदीलपुष्पांची रोपे वाढवून ती पुन्हा निसर्गात लावण्याचे कामही तिथे झाले. याच जांभ्यात बॉक्साइट असते, म्हणून खाणींचा डोळा सड्यांवर. खाण संपल्यावर माती भरून झाडे लावली तरी सडा परत येत नाही. कातळ गेला की त्यावर साचणारे पाणी जाते, आणि पाण्याबरोबर गेंदही.