त्वचेचे ऊन-रक्षण (ग्रामीण विदर्भ)

रोजच्या उन्हाने त्वचा भाजणे, रापणे, तिच्यावर वांग व डाग येणे आणि ती वयाआधीच सुरकुतणे यांपासून बचाव करण्याच्या रीती. विदर्भाच्या खेड्यांत हा बचाव मुख्यतः कापडाने होतो, मलमाने फारच थोडा.

मराठीत ‘ऊन’ हा एकच शब्द उष्णता आणि उजेड या दोहोंना पुरतो. गावचा बंदोबस्तही त्याच समजुतीवर उभा आहे: अंग तापले की झाका, तापणे थांबले की सोडा. त्वचा म्हातारी करणारे अतिनील किरण मात्र ना दिसतात, ना गरम लागतात. त्यांपैकी ‘ब’ गटाचे (२८० ते ३२० नॅनोमीटर) वरचा थर भाजतात. त्यांचा जोर दुपारी आणि उन्हाळ्यात. ‘अ’ गटाचे (३२० ते ४०० नॅनोमीटर) आतल्या थरात उतरतात आणि तिथले, त्वचेला ताठ ठेवणारे कोलॅजनचे तंतू तोडणारी विकरे (एन्झाइम) जागी करतात. ते बाराही महिने असतात, साध्या काचेतूनही येतात. २८ वर्षे ट्रक चालवलेल्या एका अमेरिकी चालकाचे छायाचित्र २०१२ साली वैद्यकीय नियतकालिकात छापून आले होते: खिडकीकडचा डावा गाल लोंबलेला, खोल सुरकुत्यांचा, उजवा त्या मानाने पुष्कळ तरुण. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, म्हणजे गालही उजवा.

नागपूर साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यात भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते; नवतपाही (उन्हाळ्यातले सर्वांत तापाचे मानलेले नऊ दिवस) तेव्हाच लागतो. अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरीचा पारा ४५ अंशांपुढे गेला तरी कुणाला नवल वाटत नाही. या दिवसांत लोक चोख वागतात. दुपट्टा डोक्यावरून कानांवर घेऊन मानेशी बांधतात, स्कूटीवरच्या मुली डोळे सोडून सगळा चेहरा गुंडाळतात, तेंदूपत्ता तोडणारे पहाटे निघून ऊन चढण्याआधी परततात. यात सुधारणा सुचवण्यासारखे फारसे नाही.

फट राहते ती पुढच्या हंगामांत. पूर्व विदर्भात धानाच्या रोवणीला आभाळ भरलेले असते, वारा गार असतो. वाकलेल्या बाईची मान आणि पोलक्याखालची पाठ तासन्‌तास उघडी राहते. पातळ ढग अतिनील किरणांना फारसे अडवत नाहीत. कापूस वेचणीला तर ऊन हवेहवेसे वाटते. बाया लुगड्यावर घरधन्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवतात, पण तो पऱ्हाटीचे ओरखडे लागू नयेत म्हणून. ऊन अडते ते फुकटात. गडीमाणसांचा दुपट्टा मात्र तोवर खांद्यावर उतरलेला असतो. अतिनील निर्देशांक (या किरणांच्या जोराचे माप) ३ झाला की त्वचा झाकावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. डिसेंबरच्या दुपारीही तो इथे त्याच्या वर असतो.

हिशेब मानेवर दिसतो. साठीतल्या शेतकऱ्याची कॉलर मागे ओढून पाहावी: वरची कातडी जाड, काळपट, खोल रेघांनी शंकरपाळ्यासारखी चौकटी-चौकटीत कापलेली, कॉलरच्या रेषेखाली तीच कातडी मऊ आणि सपाट. दोन्हींचे वय एकच.

‘आपल्या काळ्या कातडीला काय होते’ हे अर्धे खरे आहे. मेलॅनिनमुळे (त्वचेच्या काळ्या रंगद्रव्यामुळे) भाजणे आणि त्वचेचा कर्करोग कमी, सुरकुत्याही उशिरा. पण वांग आणि काळे डाग याच त्वचेवर सहज धरतात व चिवटपणे राहतात.

सनस्क्रीनचा उपयोग सिद्ध आहे. ऑस्ट्रेलियात नॅम्बूर येथे ९०३ प्रौढांवर साडेचार वर्षे चाचणी झाली. रोज लावणाऱ्यांची त्वचा, मर्जीप्रमाणे लावणाऱ्यांच्या तुलनेत, २४ टक्के कमी म्हातारी झाली (माणसे बहुतेक गोरी होती, हे ध्यानात ठेवावे). एसपीएफ (सनस्क्रीनच्या ऊन अडवण्याच्या ताकदीचा, ट्यूबवर छापलेला अंक) ३० असलेले सनस्क्रीन ‘ब’ गटाचे सुमारे ९७ टक्के किरण अडवते, पण दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावले तरच. चेहरा-मानेला दोन बोटे भरून, वर घाम आला की पुन्हा. ५० ग्रॅमची ट्यूब महिनाभरही पुरत नाही. रोजीने जाणाऱ्या बाईला हा खर्च सांगणे म्हणजे थट्टाच. वांग असेल तर तेवढ्या जागी लावण्यात अर्थ आहे. बाकी अंगाला घट्ट विणीचे, गडद कापड बरे. कापड आभाळाकडे धरून पाहावे: आरपार उजेड दिसला, तर किरणही जातात. पातळ पांढरे सुती कापड घामाने भिजले की आणखी कमी अडवते.

हळद, बेसन, साय हे किरण अडवत नाहीत. खिशातल्या कांद्याबद्दल बोलायलाच नको. लिंबू चोळून उन्हात जाणे तर घातक, त्याने कातडी पोळून काळे चट्टे उठतात. त्याहून वाईट म्हणजे चिठ्ठीशिवाय मेडिकलमधून आणलेली, स्टेरॉइड असलेली ‘गोरे करणारी’ क्रीम: आधी चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होऊन लाल पडते आणि ऊन मुळीच सोसवत नाही.

धुऱ्यावरच्या (शेताच्या बांधावरच्या) गाजरगवताची खाजही अनेकदा उन्हाच्या नावावर खपते. उन्हाचा पुरळ सहसा पापण्या आणि हनुवटीखालची जागा सोडून देतो. गाजरगवताचा तिथेही उठतो.