खाल्लेलं जातं कुठे?

"खातो बरा, पण अंगी लागत नाही." पेठ-सुरगाण्याकडची अंगणवाडी असो की नाशिकरोडच्या एखाद्या डॉक्टरांची ओपीडी, आयांची ही तक्रार ठरलेली. आजीला दृष्टीचा संशय, शेजारणीला जंतांचा, आणि मेडिकलवाला एखादं टॉनिक पुढे करतो. जंतांचा संशय रास्त आहे. अंगणवाडीत वर्षातून दोनदा जंतनाशक गोळी देतात ती त्यासाठीच. पण गोळी झाली, टॉनिकची बाटली संपली, तरी पोर आहे तेवढंच. मग खाल्लेलं जातं कुठे?

हा प्रश्न एखाद-दुसऱ्या घरापुरता नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१५-१६ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या ३४.४ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी भरली होती. २०१९-२१ च्या फेरीत हाच आकडा ३५.२ टक्के. मधल्या काळात पोषण आहाराची पाकिटं वाटली गेली, अमृत आहार योजनेतून आदिवासी तालुक्यांतल्या गरोदर आणि स्तनदा मातांना शिजवलेलं जेवण मिळू लागलं, तरी आकडा जागचा हलला नाही. ताटात कमी पडतं हे तर खरंच आहे. सहा ते तेवीस महिन्यांच्या बाळांपैकी देशभरात जेमतेम ११.३ टक्के बाळांना पुरेसा आहार मिळतो, असं हेच सर्वेक्षण सांगतं. पण ताटापासून हाडापर्यंतच्या वाटेवर एक मुक्काम आहे, लहान आतड्याचा, आणि गेली काही दशकं संशोधकांची नजर तिथे खिळली आहे.

आधी मोजमापाबद्दल थोडं. "आपली मुलं मुळातच बुटकी, त्यांना परदेशी फुटपट्टी कशाला?" असं अजूनही बरेच जण म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये आणलेली वाढीची मानकं ज्या सहा देशांतल्या मुलांवरून बेतली, त्यांत भारत होता. दक्षिण दिल्लीतल्या सुस्थितीतल्या घरांची, आईच्या दुधावर वाढलेली मुलं नॉर्वे आणि ब्राझीलच्या मुलांइतकीच वाढली. म्हणजे पहिल्या पाच वर्षांत तरी वंशाची सबब चालत नाही. या मानकानुसार दोन वर्षांच्या मुलग्याची उभी उंची साधारण ८७ सेंटिमीटर असते. ८१ च्या खाली गेली की वाढ खुंटली असं धरतात.

हे सहा सेंटिमीटर नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, खरी अडचण ती आहे. लुकडं मूल लगेच लक्षात येतं, दंडाला पट्टी लावली की साडेअकरा सेंटिमीटरच्या खालचा लाल रंग ओरडून सांगतो. वाढ खुंटलेलं मूल मात्र पाड्यावरच्या बाकीच्या पोरांत बेमालूम मिसळतं, कारण तीही तेवढीच असतात. त्यात मोजणंही सोपं नाही. दोन वर्षांखालचं मूल आडवं झोपवून मोजायचं असतं. मदतनीस डोकं फळीला टेकवून धरते, सेविका गुडघे दाबून पाय सरळ करते, आणि बाळ तोवर सगळी अंगणवाडी डोक्यावर घेतं. कंटाळून त्याला उभं करून मोजलं तर आकडा सरासरी ०.७ सेंटिमीटरने कमी येतो. एवढ्याशा फरकानेही सीमेवरचं मूल या यादीतून त्या यादीत जातं.

आता आतड्याकडे. लहान आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखी लव असते. या लवेच्या कोंबांना व्हिलाय म्हणतात. अन्नातली साखर, प्रथिनं, लोह, जस्त हे सगळं याच कोंबांमधून रक्तात शिरतं, आणि त्यांच्यावरचा पेशींचा थर दर तीन ते पाच दिवसांनी नवा होतो. कोंब झडून सपाट झाले तर पोट भरलेलं राहतं आणि शरीर उपाशी.

हे सगळ्यात स्पष्ट दिसलं ते सिलिॲक आजारात, आणि त्याचा उलगडा झाला एका दुष्काळामुळे. हेग शहरातले बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांच्याकडे जुलाब, फुगलेलं पोट आणि थांबलेली वाढ असलेली मुलं येत. गव्हावर त्यांचा संशय १९३० च्या दशकापासूनच होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन फौजांनी नेदरलँड्सची रसद तोडली. पाव मिळेना, लोक ट्युलिपचे कंद उकडून खाऊ लागले. देश उपासमारीने मरत असताना डिके यांची ही आजारी मुलं मात्र सुधारत होती. पुढे पाव परत आला आणि त्यांचा आजारही परतला. डिके यांनी १९५० मध्ये आपला प्रबंध मांडला, आणि दोष गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनाचा असल्याचं पुढच्या काही वर्षांत पक्कं झालं. हे प्रथिन दिसलं की या मुलांची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच आतड्यावर उलटते आणि कोंब सपाट करून टाकते.

भारतात हा आजार गहू खाणाऱ्या उत्तरेत जास्त, दक्षिणेत बराच कमी आढळतो. नाशिकच्या घरांत रोजची पोळी आहेच, तेव्हा उंची न वाढणारं, लोहाच्या गोळ्या घेऊनही रक्त न भरणारं मूल असेल तर डॉक्टर टीटीजी ही रक्ताची तपासणी सांगतात. इथे एक आगाऊपणा हमखास होतो. कुणीतरी सांगतं म्हणून घरचे तपासणीआधीच गहू बंद करतात आणि मग तपासणी फसवते, कारण गहू पोटात नसेल तर रक्तातल्या खुणाही ओसरतात. आधी तपासणी, मग पथ्य. पथ्य मात्र जन्मभराचं. ज्वारी, बाजरी, नागलीची (म्हणजे नाचणीची) भाकरी चालते, पण गिरणीत गव्हाच्या पाठोपाठ दळलेलं पीठ चालत नाही.

सुरगाण्याच्या पाड्यावरचं मूल सिलिॲकचं असण्याची शक्यता कमी; तिथे ताटात भात आणि नागलीच जास्त. तरीही गरीब वस्त्यांमधल्या मुलांच्या आतड्याचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर तीच झडलेली लव दिसते. याला परिसरजन्य आतड्याचा विकार म्हणता येईल. दूषित पाणी, मातीतले हात, अंगणातल्या कोंबड्यांची विष्ठा यांतून जंतू दिवसरात्र पोटात जात राहतात. जुलाब होतीलच असं नाही. वेल्लोरसह आठ देशांतल्या केंद्रांवर बाळांच्या शौचाचे नमुने वर्षानुवर्षं तपासणाऱ्या 'माल-एड' अभ्यासात हेच दिसलं: जुलाब नसतानाही पोटात शिगेला, कॅम्पिलोबॅक्टर, जिआर्डिया असे जंतू सापडत राहिले, आणि अशा मुलांची उंची मागे पडत गेली. आतड्याचा अस्तर ढिला झाला की जंतूंचे अंश रक्तात उतरतात, शरीर कायम लढाईच्या पवित्र्यात राहतं, खाल्लेल्यातला वाटा त्या लढाईत खर्च होतो आणि हाडं लांब करणारी संप्रेरकं मंदावतात.

आपल्याकडे याला ऋतूचीही साथ आहे. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर भागात पावसाळ्यात विहिरीत गढूळ पाणी उतरतं आणि उन्हाळ्यात त्याच विहिरीच्या तळाशी घागर खरवडावी लागते. मधल्या महिन्यांत कित्येक कुटुंबं दिंडोरी-निफाडकडे द्राक्षाच्या कामाला जातात. छाटणी, विरळणी, मग काढणी. लेकरू झोळीत बागेच्या कडेला, जे मिळेल ते पाणी, आणि गावच्या अंगणवाडीच्या रजिस्टरात त्याच्या नावापुढे 'स्थलांतरित'. वाढीचे सगळ्यात मोलाचे महिने असे जातात.

मग उपाय सोपा वाटतो: संडास, साबण, स्वच्छ पाणी. संशोधकांनाही तो सोपाच वाटला होता. बांगलादेश, केनिया आणि झिम्बाब्वेत हजारो कुटुंबांवर मोठ्या चाचण्या झाल्या, त्यांचे निकाल २०१८-१९ मध्ये आले आणि या क्षेत्रातल्या भल्याभल्यांना धक्का बसला. बांगलादेशात जुलाब कमी झाले, पण उंची तिन्हीकडे वाढली नाही. पूरक आहार दिलेल्या मुलांची थोडीशी वाढली, इतकंच. यावरून संडास फुकट गेले असा निष्कर्ष काढणं आडमुठेपणाचं होईल. घरापुरता एक संडास आणि साबणाची एक वडी अख्ख्या परिसरातल्या जंतूंना पुरी पडत नाही, हा त्याचा सरळ अर्थ आहे. नळाने घरात येणारं शुद्ध पाणी आणि सिमेंटची जमीन या गोष्टी त्या चाचण्यांत नव्हत्या.

ढाक्याच्या मीरपूर वस्तीतून आलेली बातमी मला जास्त आशेची वाटते. कुपोषित मुलांच्या आतड्यातले उपकारक जंतू वयाच्या मानाने 'कोवळे' राहतात, हे जेफ्री गॉर्डन आणि तहमीद अहमद यांच्या गटांनी दाखवलं होतं. त्या जंतूंना वाढवणारं खाणं त्यांनी शोधलं आणि २०२१ मध्ये निकाल प्रसिद्ध केला. नेहमीच्या तयार पूरक आहारापेक्षा या मिश्रणात उष्मांक कमी होते, तरी त्यावरच्या मुलांची वजनवाढ सरस ठरली. आणि मिश्रणात काय, तर हरभरा, सोयाबीन, शेंगदाणा आणि कच्चं केळं! यातलं काय नाशिकच्या बाजारात मिळत नाही? चाचणी शंभर-सव्वाशे मुलांचीच होती, हे मात्र विसरून चालणार नाही.

घरात आज करण्यासारखं काय, असं विचाराल तर नागली. शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, म्हणजे तेवढ्याच दुधाच्या जवळपास तिप्पट. पण उष्टावणानंतर बाळाला मिळते ती पातळ पेज. आठ किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी पाव लिटरपेक्षा जास्त मावत नाही, त्यात बहुतेक पाणीच. पीठ वाढवलं तर पेज घट्ट गोळा होते आणि बाळ तोंड फिरवतं. यावर बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास यांनी १९८० च्या दशकात काम केलं. नागली रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवून कोंब चोळून काढायचे, हलकी भाजून दळायची. घट्ट पेज चुलीवरून उतरवून खदखद थांबली की, गरम असतानाच त्यात हे पीठ चिमूटभर घालून ढवळायचं. मोडांमध्ये तयार झालेलं अमायलेज हे पाचक द्रव्य पिष्टाच्या साखळ्या तोडतं, आणि चमच्याला चिकटणारी पेज बघता बघता ओघळू लागते. उकळत्या पेजेत घातलं तर अमायलेज मरतं आणि काही होत नाही. वाटी तेवढीच, पण पीठ जवळपास दुप्पट मावतं. मोड आल्याने लोह अडवून धरणारं फायटेटही थोडं कमी होतं. पावसाळ्यात मोडांवर बुरशी धरली तर मात्र ती नागली बाळाला द्यायची नाही. आणि नुसत्या नागलीवर बाळ वाढत नाही. उडदाची मऊ शिजलेली डाळ, चमचाभर तेल आणि जमेल तेव्हा अंडं त्यासोबत लागतंच.