सी मायनरमधले दोन बाख: १०६० की १०६२?

मित्रांनी मिळून जर्मन संगीतकार बाखचे अनेक पियानोंचे कॉन्चेर्टो (एकल वाद्यं आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या रचना) रेकॉर्ड करायचे, ही हौस जुनी आहे. पश्चिम जर्मनीचे माजी चान्सलर हेल्मुट श्मिट यांनीही एशेनबाख, फ्रांट्स आणि ओपिट्स या पियानोवादकांसोबत चार पियानोंचा कॉन्चेर्टो रेकॉर्ड केला होता. घोळ होतो तो दोन पियानोंच्या कॉन्चेर्टोंपाशी. बीडब्ल्यूव्ही (बाखच्या रचनांची सूची) क्रमांक १०६० आणि १०६२ दोन्ही सी मायनर या स्वरपट्टीत, दोन्ही या रूपात दोन हार्पसिकॉर्डसाठी (तारा छेडणारं जुनं कळफलकवाद्य) आणि दोन्हींचा संथ मधला भाग ई फ्लॅट मेजरमध्ये. मी स्वतः कितीतरी दिवस एकाला दुसरा समजून ऐकत होतो.

१०६२ ओळखणं सोपं, कारण त्याचा जन्मदाखला हाताशी आहे. दोन व्हायोलिनांचा प्रसिद्ध डी मायनर कॉन्चेर्टो (१०४३) बाखनेच १७३६ च्या सुमारास कळफलकांवर आणला. एक सूर खाली उतरवला, कारण त्या कॉन्चेर्टोतला व्हायोलिनचा सर्वांत वरचा ई हा सूर बाखच्या हार्पसिकॉर्डवर नव्हता. सुरुवातीलाच एक आवाज मुख्य चाल मांडतो, मग दुसरा तीच चाल उचलून धावतो. मधल्या भागात मात्र मला व्हायोलिनच आठवतं. तिथे गज सूर लांबवर धरून ठेवतो. हार्पसिकॉर्डचा सूर छेडला की विरायला लागतो. पियानोवर तो थोडा जास्त टिकतो, म्हणून हा भाग पियानोवर ऐकलेला मला बरा वाटतो.

१०६० चं मूळ हरवलं आहे. अभ्यासकांनी ते बहुधा ऑबो (एक फुंकवाद्य) आणि व्हायोलिनसाठी असावं असा तर्क केला, आणि आज ते त्या रूपातही वाजतं. तर्काचं कारण कानांनाही कळतं: जलद भागांत एक वादक बहुतांशी सरळ, गाती चाल घेतो, दुसऱ्याच्या बोटांत व्हायोलिनसारखी सुरांची धावपळ जास्त. सुरुवातीच्या ओळीचं शेपूट हळू आवाजात पुन्हा उमटतं, प्रतिध्वनीसारखं. आणि संथ भागात पियानो गात असताना तंतुवाद्यं गज बाजूला ठेवून बोटांनी तारा छेडतात. ही टुकटुक ऐकू आली की १०६०, पैज लावा.

दोन मित्रांना एकच निवडायचा असेल, तर माझा कौल त्यांच्या हातांवर ठरेल. स्पर्श जुळणारे असतील तर १०६२, कारण तिथे नक्कल हाच खेळ आहे. एकाने वाजवलेलं दुसऱ्याने त्याच वजनाने परत द्यायचं. एक शांत आणि दुसरा चपळ असेल तर १०६०.

शोधताना मात्र नुसतं ‘बाख डबल कॉन्चेर्टो’ टाकू नका. आधी व्हायोलिनवालाच समोर येईल, आणि पियानोंची जोडी शोधत खाली जावं लागेल. क्रमांक टाका.