खारदुंगलाच्या चढावर गाडी का ओढत नाही : पार्श्वभूमी

लडाखमधली खारदुंगला खिंड 5,359 मीटरवर आहे. (जुन्या फलकांवर 18,380 फूट लिहिलेलं असे; ते चुकीचं होतं.) तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा. सिलिंडर प्रत्येक वेळी तेवढाच भरतो, पण त्या हवेत प्राणवायू कमी असतो. टर्बो (इंजिनात दाबाने हवा भरणारा पंप) नसेल तर दर 1,000 मीटरला 10 टक्के ताकद गेली असा ढोबळ हिशेब धरतात.

हे दुखणं आधी विमानांना जाणवलं. एक्झॉस्टच्या जोरावर टर्बाइन फिरवून इंजिनात दाबाने हवा भरायची, या कल्पनेचं पेटंट स्विस अभियंता आल्फ्रेड बुखी याने 1905 मध्ये घेतलं होतं. 1918 मध्ये अमेरिकन अभियंता सॅनफर्ड मॉस याने लिबर्टी हे विमानाचं इंजिन कोलोरॅडोतल्या पाइक्स पीकवर, 4,300 मीटरवर नेलं. खाली सुमारे 350 हॉर्सपॉवर देणारं ते इंजिन शिखरावर 230 वर आलं. टर्बो जोडल्यावर 356 पर्यंत गेलं.

आपल्याकडे लेहला जाणाऱ्या बुलेट आणि जिप्सींना मात्र कित्येक वर्षं कार्ब्युरेटरच (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) होता, आणि त्याचं दुखणं वेगळं. हवा विरळ होते त्या प्रमाणात त्याच्या जेटमधून, म्हणजे पेट्रोलच्या बारीक छिद्रातून, येणारं पेट्रोल कमी होत नाही. हवेची घनता 58 टक्क्यांवर आली तरी पेट्रोल 76 टक्के येतच राहतं, म्हणजे मिश्रण जवळजवळ 30 टक्के रिच (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त). मग काळा धूर, काजळी धरलेला प्लग, आयडलिंगला बंद पडणारी गाडी. आधीच निम्मी झालेली ताकद त्यामुळे आणखी घटते.

यावर मेकॅनिकांची रीत ठरलेली होती: पेट्रोल कमी करायला मेन जेट एक-दोन साइज लहान आणि जेटमधल्या नीडलची (सुईची) क्लिप वरच्या खाचेत, आणि हवा वाढवायला एअर स्क्रू अर्धा फेरा बाहेर. काही जण एअर फिल्टरच काढून टाकत. हे अजिबात करू नये. तिथली बारीक धूळ पिस्टन रिंग आणि सिलिंडर खाऊन टाकते. उतरल्यावर मूळ जेट परत बसवायलाच हवा. लहान जेट तसाच राहिला तर मिश्रण लीन होतं (पेट्रोल कमी पडतं), इंजिन तापतं आणि पिस्टन जाम होऊ शकतो.

कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन आल्यावर हवेचा दाब सेन्सर मोजू लागला आणि ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) पेट्रोल त्या मानानेच सोडू लागला. एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे प्रदूषणाचे नियम लागू झाल्यावर नव्या गाड्यांतून कार्ब्युरेटर गेलाच. मिश्रणाचा प्रश्न मिटला, पण प्राणवायूची तूट तशीच राहिली. ती भरून काढतो टर्बो, तोही काही मर्यादेपर्यंतच: विरळ हवेत त्याला जास्त वेगाने फिरावं लागतं, म्हणून ठरावीक उंचीनंतर ईसीयू स्वतःच ताकद कमी करतो. शिवाय 1,800 आरपीएमच्या खाली बहुतेक टर्बो डिझेल मरगळतात. हेअरपिन वळणावर दुसऱ्या गिअरमध्ये हाफ क्लच धरून गाडी रेटली, की क्लच प्लेट जळते. वळणाच्या आधीच पहिला टाकावा आणि क्लच पूर्ण सोडावा.