लिहिताना कानात शब्द नकोत

मोझार्ट ऐकवला की मुलाची बुद्धी वाढते, हा समज गर्भसंस्काराच्या सीडींपासून व्हॉट्सअ‍ॅपपर्यंत अजून फिरतोय. त्याचं मूळ १९९३ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या एका छोट्या प्रयोगात आहे. त्यात बाळं नव्हतीच, ३६ कॉलेजचे विद्यार्थी होते. मोझार्टची दोन पियानोंची एक रचना (सोनाटा) दहा मिनिटं ऐकल्यावर कागदाच्या घड्या ओळखण्यासारख्या कोड्यांत त्यांना थोडे जास्त गुण मिळाले. परिणाम टिकला पाऊण तासही नाही, जेमतेम १०-१५ मिनिटं. मन प्रसन्न आणि जागं झालं की असं होतं, हे पुढे स्पष्ट झालं. त्यावर गर्भाची बुद्धी वाढवायचा धंदा उभा करणं ही सरळ फसवणूक आहे.

मला मात्र वेगळाच प्रश्न पडतो. लिहायला बसल्यावर सिनेमाचं पार्श्वसंगीत चालतं, आजच्या संगीतकारांच्या संथ रचना चालतात, पण जीव की प्राण असलेलं भावगीत बंद करावं लागतं. का?

मोबाइलवर आलेला ओटीपी दुसरीकडे टाकेपर्यंत आपण तो मनात घोळवतो. हा घोळवण्याचा कप्पा म्हणजे ‘फोनॉलॉजिकल लूप’. अ‍ॅलन बॅडली आणि ग्रॅहम हिच या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये मांडलेल्या वर्किंग मेमरीच्या, म्हणजे काम चालू असताना माहिती तात्पुरती धरून ठेवणाऱ्या स्मृतीच्या, कल्पनेतला हा एक भाग. साधारण दोन सेकंदांत जेवढं बोलून होईल तेवढंच त्यात मावतं. लिहिताना वाक्य आधी इथे तयार होतं. मराठीत तर क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे कर्त्याकर्माचं लिंग-वचन तोवर धरून ठेवावं लागतं. परवा मी लिहीत होतो, ‘नदीकाठच्या तीन गावांतून गोळा केलेले पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत...’ आणि कानात गाणं चालू असताना पुढे ‘तपासलं’ असं उमटलं. ‘नमुने’ निसटले होते, ‘पाणी’ तेवढं उरलं होतं.

१९७६ मध्ये कॉल आणि वेल्श या संशोधकांनी इंग्रजी भाषक विद्यार्थ्यांना पडद्यावर अक्षरं दाखवली. ती क्रमाने आठवायची होती आणि कानात जर्मन उतारा चालू होता. जर्मन कुणालाच येत नव्हतं, तरी चुका वाढल्या. म्हणजे अर्थ कळायची गरजच नाही. बोलणं कानावर पडलं की ते त्या कप्प्यात घुसतं. नुसत्या एकसुरी खरखरीने असं होत नाही. आवाज बारीक केल्यानेही फारसा फरक पडत नाही.

मानसशास्त्रज्ञ डिलन जोन्स यांचं म्हणणं आणखी बारीक आहे. ‘ब ब ब ब’ ऐकताना त्रास कमी, ‘ब क म र’ ऐकताना जास्त. ध्वनी बदलत गेला की मेंदू आपोआप त्याचा क्रम लावतो, आणि आपणही अक्षरांचा, शब्दांचा क्रमच सांभाळत असतो. दोन क्रम एकमेकांत अडकतात. शब्द नसलेले, पण बदलते सूरही म्हणूनच आड येतात. तुटक सुरांचं वादन लांबवलेल्या सुरांपेक्षा जास्त नडतं.

या कसोटीवर एस्टोनियाचे संगीतकार आर्वो पार्ट यांची १९७८ ची ‘श्पीगेल इम श्पीगेल’ ही रचना ऐका. पियानो तीन-तीन सुरांचा तोच झुला शेवटपर्यंत देत राहतो, व्हायोलिन एकेक पायरी सावकाश चढतं-उतरतं आणि दर वेळी त्याच सुरावर येऊन विसावतं. सिनेमाचं पार्श्वसंगीतही बरेचदा संवादांखाली राहायलाच रचलेलं असतं, बोलण्याला जागा सोडून. शिवाय हेडफोनमधल्या अशा संगीताखाली शेजारच्या टीव्हीवरची चर्चा बुडून जाते, हा फायदा मला सर्वांत मोठा वाटतो.

तरी २००१ च्या एका प्रयोगात संगणकावर निबंध लिहिणाऱ्यांचा वेग नुसत्या वाद्यसंगीतानेही मंदावला होता. म्हणून कच्चा खर्डा लिहिताना मी संगीत लावतो, वाक्यं घासताना बंद करतो. नमुन्यांचं ते वाक्य हेडफोन काढून मोठ्याने वाचलं, तेव्हा ‘तपासलं’चं ‘तपासले’ झालं.